केळीच्या वखारीतली बैलजोडी

सुलक्षणा माळींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या फाटकात. एप्रिल महिना, दुपारचे दोन. जळगावात त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी चित्रकलेचा शिक्षक. पेपर तपासून घरी निघालो होतो. फाटकाशी एक मालवाहू रिक्षा उभी होती. तिच्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं माणसाएवढं काहीतरी ठेवलेलं आणि शेजारी ओढणीनं डोकं-तोंड घट्ट बांधलेली एक बाई.

"सर, पाणी मिळेल का?"

मी माझी बाटली पुढे केली.

"मला नको. बादलीभर हवंय. हिच्यासाठी." तिनं गोणपाटाकडे बोट दाखवलं.

शिपायाच्या खोलीतून बादली आणली. तिनं ओंजळीओंजळीनं पाणी गोणपाटावर सोडलं, मग एक कडा उचलून आत पाहिलं. आत मातीची बसलेली बाई होती, मांडीत सूप घेतलेली. तोंडावरचा भाव असा की मी दोन मिनिटं उन्हात उभा आहे हेच विसरलो. पण खांद्यापासून कोपरापर्यंत बोटभर रुंदीची चीर पडली होती. सुलक्षणाताईंनी चिरेत बोट घालून खोली पाहिली.

"गेली," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांचं काम. सकाळी घरमालकानं खोली खाली करायला लावली. घरापर्यंत तासाभराचा रस्ता, वाटलं टिकेल."

त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. बादली परत केली, माझं नाव विचारलं आणि रिक्षात मूर्तीला पाठीनं आधार देऊन बसल्या. मी त्यांचा फोन नंबर मागून घेतला. चित्रकलेच्या वर्गात जवळजवळ तीस वर्षं मी मुलांना मातीकाम शिकवलं होतं, पण मातीसाठी अशी वणवण करणारं माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे ओळख वाढली तेव्हा बाकीचं कळलं. त्यांचं माहेर शिरपूर तालुक्यातलं. आई गावात चुली घालून द्यायची. लग्नकार्य असलं की लोक तिला बोलवायचे आणि सुलक्षणा मातीची पाटी डोक्यावर घेऊन मागे जायची. चुलीच्या तोंडाशी ती पोरगी चिमणी काढून ठेवायची, कधी उंदीर. शाळेच्या एका बाईंनी ते पाहिलं आणि वडिलांच्या मागे लागून तिला धुळ्याला चित्रकलेच्या कॉलेजात घालायला लावलं. शिल्पकलेच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पण तिथं एक पत्र्याचं मोठं शेड होतं, उंच, उत्तरेकडून उजेड येणारं, आणि पाण्याचा हौद. चार वर्षं तिनं त्या शेडमध्ये काम केलं.

"कॉलेज सुटलं आणि छप्परही सुटलं," असं त्या सांगतात. "पदवी हातात आली. पण त्या पदवीनं काम करायचं कुठे, हे कोणी सांगितलं नाही."

लग्न होऊन त्या जळगावला आल्या. नवरा समाधान, पाइपच्या कारखान्यात कामाला. माणूस चांगला, पण घर दोन खोल्यांचं. शाळांसाठी, एखाद्या गावच्या समाधीसाठी अर्धपुतळ्यांची कामं मिळू लागली, तशी जागेची शोधाशोध सुरू झाली. आधी पिंप्राळ्यात एक खोली घेतली. तिथं खालच्या मजल्यावरच्या लोकांनी प्लास्टरच्या धुळीची तक्रार केली. मग एका व्यापारी संकुलात गाळा घेतला. मातीनं गटार तुंबलं, धूळ उडाली आणि शेजारचा कापडवाला भांडायला आला. मग मैत्रिणीच्या घराची गच्ची मिळाली. मे महिन्यात तिथं माती सकाळी लावली की दुपारी ढेकळं. चौथी जागा म्हणजे ज्या खोलीतून त्या रिक्षा घेऊन निघाल्या होत्या, ती. घरमालकाला तिथं मोबाइलचं दुकान काढायचं होतं.

"कोणी वाईट नव्हतं, सर," त्या मला म्हणाल्या होत्या. "कापडवाल्याचं काय चुकलं? त्याच्या साड्यांवर माझी धूळ बसत होती. शहरात राहायला जागा आहे, विकायला जागा आहे. हात घाण करायला जागा नाही, एवढंच."

वखार सापडली ती करोनाच्या दुसऱ्या वर्षी. आसोदा रोडला एका व्यापाऱ्याची केळी पिकवायची जुनी वखार बंद पडून होती. पुढे मोठं पत्र्याचं शेड, जिथं पूर्वी ट्रक लागायचे. मागे तीन बंद खोल्या, हातभर जाड भिंतींच्या, एकाच दाराच्या, छताला घड टांगायचे लोखंडी आकडे. केळी पिकवायला नवीन थंड खोल्या आल्या, तेव्हापासून इथं फक्त कबुतरं होती. मालक तोताराम नारखेडे, आसोद्याचे. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना आबा म्हणतात.

त्या दिवशी मी सोबत होतो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं. सुलक्षणाताई मागच्या खोलीत शिरल्या आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आत डोकावलं तर त्या भिंतीला गाल लावून उभ्या होत्या.

"आबा, ही भिंत गार आहे."

"असणारच. तिन्ही खोल्या बंद राहिल्या पाह्यजे, हवा बदलता कामा नये, म्हणून बांधल्या तशा. तुले काय ठेवायचं इथं?"

"माती."

"माती?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, माती तर बाहेर पडली ना सगळीकडे."

सुलक्षणाताईंनी त्यांना समजावून सांगितलं. मूर्तीची माती तीन-तीन महिने ओली राहावी लागते, आपल्या उन्हाळ्यात ती तडकते, अशा खोलीत ती टिकेल. पुढच्या शेडमध्ये काम करायचं आणि अर्धवट काम इथं आणून ठेवायचं. छताच्या आकड्यांना साखळी लावली तर जड सांगाडासुद्धा एकट्या बाईला उचलता येईल. आबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे वखारच झाली. आम्ही केळं राखायचो, तू माती राखशील." जागा परवडेल अशा भाड्यात मिळाली. कागद काही झाला नाही. आबांचा शब्द होता, तेवढ्यावर काम सुरू झालं.

यापुढचं जे, त्यासाठी मी हे लिहितो आहे. इतकी वर्षं हाकलली गेलेली बाई, हक्काची जागा मिळाल्यावर दार लावून घेईल असं मला वाटलं होतं. मी असतो तर लावलं असतं. सुलक्षणाताईंनी पहिल्या महिन्यातच दुसऱ्यांना बोलवायला सुरुवात केली.

आधी आल्या सुगंधाबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून जळगावला मजुरीला आलेल्या. सूप, टोपल्या आणि बांबूचे फार देखणे दिवे करतात. रस्त्याच्या कडेला बसून बांबू सोलायच्या, पोलीस उठवायचे. उन्हात बांबूच्या काड्या सुकून कडकड मोडायच्या. सुलक्षणाताईंनी त्यांना डाव्या हाताची खोली दिली. दोन दिवसांनी सुगंधाबाई खोलीच्या उंबऱ्यावर बसून एकेक काडी वाकवून दाखवत होत्या. "ताई, आठे बांबू सुकस नही! देख, मोडस नही!" लहान मुलीला नवीन खेळणं मिळावं तसा तो आनंद होता.

मग पियुष आला, नाटकाची मंडळी घेऊन. राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमी ते कधी मंगल कार्यालयात, कधी कोणाच्या पार्किंगमध्ये करत. संध्याकाळी शेड त्यांना मिळालं. मग एक जुने बोर्ड रंगवणारे, ज्यांचा धंदा छापील फलकांनी खाल्ला होता आणि जे आता मोठी चित्रं काढत होते पण घरात कॅनव्हास उभा करायला भिंत नव्हती. मग मी स्वतः. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि तीस वर्षांत मी स्वतःचं असं एक चित्र पूर्ण केलं नव्हतं. शेडच्या कोपऱ्यात मला एक खिडकी मिळाली. खरं सांगतो, त्या खिडकीनं मला पुन्हा चित्रकार केलं.

धुळीचं, आवाजाचं, ओलीचं भांडण तिथंही व्हायचंच. तालमीच्या आरडाओरड्यात बोर्डवाल्या काकांचा हात हलायचा. सुलक्षणाताई मध्ये पडायच्या, पण न्यायाधीश होऊन नाही. एकदा त्यांनी पियुषला म्हटलं, "तुमचं भांडणाचं दृश्य आहे ना, ते काकांच्या रंग सुकायच्या वेळेला करा." आणि काकांना म्हटलं, "काका, तुम्ही त्यांना पडदा रंगवून द्या, म्हणजे तालीम तुमचीही होईल." पडदा झाला आणि भांडण मिटलं.

तिसऱ्या वर्षी पाचोऱ्याकडच्या एका गावानं सुलक्षणाताईंना काम दिलं. गावाच्या वेशीवर बैलजोडी उभी करायची, खऱ्या बैलांपेक्षा मोठी. गावात आता ट्रॅक्टर झाले होते, बैल चार-पाच घरीच उरले होते. पोरांनी बैल पाहावा अशी गावाची इच्छा होती. आयुष्यातलं हे त्यांचं सर्वांत मोठं काम. त्यांनी महिनाभर आठवडे बाजार पालथे घातले, बैलांच्या पाठीवर हात फिरवून मापं घेतली. लोखंडी सांगाडे उभे राहिले, त्यावर माती चढू लागली. पुढच्या शेडमध्ये दोन बैल हळूहळू आकार घ्यायला लागले.

आणि त्याच काळात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. व्यवहार मुलाकडे, दीपकभाऊंकडे आला. दीपकभाऊ एका सकाळी आले, शेडभर नजर फिरवली आणि म्हणाले, "ताई, स्पष्ट सांगतो. एका कुरिअर कंपनीला गोदाम पाहिजे, रस्त्यालगतचं. मला यंदा वडिलांचा दवाखाना आहे. महिन्याभरात जागा मोकळी करून द्या."

सुलक्षणाताईंनी हातावरची माती कापडाला पुसली.

"भाऊ, तुमची अडचण खरी आहे. पण ही माती महिन्यात हलणार नाही. साचे काढेपर्यंत तरी थांबा. तोवर आम्ही दुसरी जागा बघतो."

"किती दिवस?"

"तीन महिने."

दीपकभाऊंनी मान हलवली, हो म्हणाले की नाही ते कोणालाच कळलं नाही, आणि गेले.

दुसरी जागा शोधणं म्हणजे आधीचं सगळं पुन्हा. आम्ही सगळे हिंडलो. अशातच एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी सुलक्षणाताईंना बोलावलं. बैलजोडीचा फोटो त्यांनी पाहिला होता. त्यांच्या आवारात एक चांगलं शेड रिकामं होतं, पाणी, वीज, सगळं. भाडं नको, फक्त वर्षातून एक कार्यशाळा घ्यायची. सुलक्षणाताई मला सोबत घेऊन गेल्या. शेड पाहून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्याबरोबर आठ जण आहेत," सुलक्षणाताई म्हणाल्या. "एक बाई बांबूकाम करतात. एक नाटकाची मंडळी आहे."

अध्यक्ष हसले. "मॅडम, आवारात मुली शिकतात. बाहेरची माणसं, बांबूचा कचरा, संध्याकाळी नाटकवाले, हे आम्हाला नाही जमणार. ही सोय तुमच्यासाठी. कलाकारासाठी."

"तेपण सगळे कलाकारच आहेत," त्या म्हणाल्या. एवढंच. चहा पूर्ण प्यायल्या, आभार मानले आणि उठल्या.

घरी समाधान भडकले. मी तिथंच होतो, त्यामुळे ऐकावंच लागलं. "बठ्ठा गावना भार तुले कसाले लेवाना शे? सगळ्यांचं ओझं तूच कशाला वाहायचं? फुकटात जागा मिळते आहे, आणि तू सोडून आलीस?"

सुलक्षणाताई म्हणाल्या, "चार जागांवरून मला हाकललं. प्रत्येक वेळी हातातलं काम मेलं. तुम्ही पाहिलंय. सुगंधाबाईंना मी परत रस्त्याच्या कडेला बसवू? उद्या तिथून जाताना मी कुठं बघू?"

दुसऱ्या रविवारी मात्र समाधान कारखान्यातले दोन वेल्डर घेऊन वखारीत आले आणि बैलाच्या मागच्या पायाचा सांगाडा, जो कलत होता, तो दिवसभर बसून पक्का करून दिला.

आबांना थोडं बरं वाटू लागलं तशी त्यांनी एकच मागणी लावून धरली. घरात बसवत नाही, वखारीत नेऊन बसवा. दीपकभाऊ रोज सकाळी त्यांना गाडीतून आणून शेडमध्ये खुर्चीवर बसवत आणि दुपारी न्यायला येत. आबांची जीभ अजून जड होती. पण पहिल्याच दिवशी त्यांनी काठी उचलून बैलाकडे दाखवलं.

"वशिंड... चुकलं."

"काय चुकलं, आबा?"

"लई पुढं. जू कुठं... बसंल त्याच्या मानेवर?"

सुलक्षणाताईंनी फोटो पाहिले, मापं पाहिली, आणि तारेचं हत्यार घेऊन बैलाच्या पाठीवरून पाटीभर माती उतरवली. तीन दिवस आबा खुर्चीवरून सांगत होते आणि त्या शिडीवर चढून वशिंड मागे नेत होत्या. चौथ्या दिवशी आबांनी हात पुढे केला. सुलक्षणाताईंनी ओल्या मातीचा गोळा आबांच्या डाव्या हातात दिला. दवाखान्यात त्यांना रबरी चेंडू दाबायला सांगितला होता, तो ते फेकून द्यायचे. हा गोळा मात्र तासभर दाबत बसले.

दीपकभाऊ न्यायला आले तेव्हा त्यांनी हे पाहिलं. ते दारातच उभे राहिले. मग जवळ आले, बैलाभोवती एक फेरी मारली.

"ताई, हा डावीकडचा आमच्या ढवळ्यासारखा दिसतो," ते म्हणाले. "पण ढवळ्याचं एक शिंग जरा आत वळलं होतं. मी पाचवीत होतो."

"कुठलं शिंग?"

"उजवं."

"दाखवा." त्यांनी मातीचे हात बाजूला घेऊन जागा करून दिली. दीपकभाऊंनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. ते शिंग त्यांनी वळवलं, आणि ते आजही तसंच आहे.

कोणी म्हणेल, मग सगळं सुरळीत झालं असेल. तसं झालं नाही. दवाखान्याचा खर्च खरा होता, कुरिअर कंपनीही खरी होती. पण आठवड्यानं दीपकभाऊंनी सुलक्षणाताईंना बोलावून घेतलं. रस्त्याकडचं शेड कंपनीला द्यावंच लागेल, म्हणाले. मागच्या तीन खोल्या आणि त्यांच्यामागचं मोकळं अंगण कंपनीला नको आहे. गल्लीकडून दार काढून देतो. अंगणावर छप्पर तुम्ही टाकून घ्या. आणि या वेळी पाच वर्षांचा कागद करू.

ते उंच शेड गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तिथला उजेड पुन्हा मिळाला नाही. बैलांचे साचे निघाले, तुकडे फायबरमध्ये उतरले, आणि मगच आम्ही शेड सोडलं. अंगणावरचं छप्पर आम्हीच टाकलं. समाधान आणि त्यांचे वेल्डर, नाटकातली पोरं, बोर्डवाले काका, सगळे लागले होते. सुगंधाबाईंनी पत्र्याखाली बांबूची चटई विणून लावली, त्यामुळे दुपारची धग निम्मी झाली. छप्पर बुटकं आहे. मोठी मूर्ती आता दोन भागांत करावी लागते आणि बाहेर नेऊन जोडावी लागते. पियुषच्या नाटकातल्या राजाला टेबलावर उभं राहता येत नाही. तरी काम चालू आहे. गेल्या वर्षी आणखी तीन जण आले.

बैलजोडी पाचोऱ्याकडच्या त्या गावात उभी आहे. बसवायच्या दिवशी आबा गाडीतून आले होते. गावकऱ्यांनी सुलक्षणाताईंना बोलायला सांगितलं. त्यांना भाषण येत नाही. त्यांनी माइक हातात घेऊन वखारीतल्या सगळ्यांची नावं वाचून दाखवली, सुगंधाबाईंपासून वेल्डरपर्यंत, आणि खाली बसल्या.

मागच्या महिन्यात धुळ्याहून भाविका नावाच्या एका मुलीचा फोन आला. ती कापडाच्या कळसूत्री बाहुल्या करते. तिच्यासारखी आणखी पाच-सहा जणं आहेत, आणि तिथं बंद पडलेल्या यंत्रमागांचं एक शेड रिकामं आहे. मालकाशी बोलायचं कसं, ते कळत नाही. सुलक्षणाताईंनी मला विचारलं, "सर, येता का?" आम्ही सकाळची बस धरली. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत त्या पाठीच्या पिशवीतून वही काढून काहीबाही लिहीत होत्या. दाराची रुंदी, पाण्याचा नळ, शेजारी कोण, कराराची मुदत, असे प्रश्न.

शेडच्या मालकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. मग सुलक्षणाताईंना विचारलं, "तुम्ही या मुलीच्या कोण?"

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मी जळगावला मूर्ती करते. आधी कागदाचं बोलू या का? आम्ही पहिल्या वेळी कागद केला नव्हता, ते चुकलं."

मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "बोला," ते म्हणाले.